सांत्वन आणि साम : ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीचे एक भाषण

संस्कृत कोशपरंपरेत 'साम' आणि 'सान्त्व' हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून येतात, आणि अमरकोशाने ही जोडी जिथे नोंदवली आहे तो वर्ग क्षत्रियांचा, म्हणजे राज्यकारभाराचा आहे. साम, दान, भेद आणि दंड या चार उपायांच्या शेजारीच 'सान्त्व' तिथे बसलेले आढळते. मराठीत सांत्वन म्हटले की डोळ्यांपुढे येते ते समाचाराला आलेले माणूस, जे दाराशी चपला काढून गुपचूप आत येते, भिंतीला टेकून बसते, फारसे बोलत नाही आणि उठताना 'येतो' असेही म्हणत नाही. या घरगुती सांत्वनाला शब्दांची गरज कमीच असते, कारण येणाऱ्याचे येणे हेच त्याचे बोलणे असते. राज्यकर्त्याला मात्र एकाच संध्याकाळी कोट्यवधी घरांत जाऊन बसता येत नाही; त्याच्यापाशी उरतात ते केवळ शब्द, आणि त्या शब्दांना डोळे पुसण्याबरोबरच आणखी एक काम करावे लागते, ते म्हणजे दुःखातून उसळणारा हात वर येण्याआधीच धरून ठेवणे. कोशकारांनी सान्त्वाला सामाशेजारी बसवले त्यामागे ही जाणीव होती असे ठामपणे म्हणता येणार नाही; तरी राष्ट्रीय शोकाच्या प्रसंगी नेत्याने केलेल्या भाषणाकडे पाहताना हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत, आणि ते जिथे एकमेकांत मिसळतात तिथेच अशा भाषणाची खरी परीक्षा होते.

या परीक्षेसाठी महात्मा गांधींच्या हत्येच्या रात्री पंडित जवाहरलाल नेहरूंनी आकाशवाणीवरून केलेले भाषण निवडण्याचे कारण त्याची कीर्ती हे नाही. प्रकाश नाहीसा झाल्याची त्यातील प्रतिमा इतकी परिचित झाली आहे की पुष्कळांच्या स्मरणात भाषण म्हणजे ती एक प्रतिमाच उरली आहे, आणि त्यामुळे उरलेल्या भाषणाची बांधणी नजरेआड गेली आहे. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे असे की त्या रात्री सांत्वनाचे काम प्रतिमेने थोडे आणि व्याकरणाने अधिक केले: वक्त्याने स्वतःचे वाक्य स्वतःच मागे घेणे, कर्त्याचे नाव टाळणे, आणि अखेरीस दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक सांगणे, या तीन गोष्टींनी ते भाषण उभे राहिले आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाज्ञापत्रे कशी लिहावीत हे सांगणाऱ्या प्रकरणात, सामाचे पाच प्रकार दिले आहेत. समोरच्याच्या गुणांचे वर्णन करणे हे गुणसंकीर्तन, त्याच्याशी असलेले नाते बोलून दाखवणे हे संबंधोपाख्यान, परस्परांच्या उपयोगाची आठवण देणे हे परस्परोपकारसंदर्शन, पुढच्या काळातील शुभाची आशा दाखवणे हे आयतिप्रदर्शन, आणि 'जो मी तोच तू, माझे ते तुझे' अशा भावनेने स्वतःला समोरच्याच्या हाती सोपवणे हे आत्मोपनिधान. हे वर्गीकरण शत्रूला किंवा मांडलिकाला वश करण्यासाठी आहे, शोकाकुल प्रजेसाठी नाही, हे मान्य करूनही त्यातील दुसरा, चौथा आणि पाचवा प्रकार शोकभाषणाला जसाच्या तसा लागू पडतो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांचा अभ्यास करणाऱ्या कार्लिन कोर्स कॅम्पबेल आणि कॅथलीन हॉल जेमिसन यांनी 'राष्ट्रीय शोकभाषण' हा स्वतंत्र प्रकार मानून, मृत्यू मान्य करणे, मृताशी असलेले नाते वर्तमानातून भूतकाळात नेणे, मृत व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात उरते असे पटवणे आणि विस्कटलेला समुदाय पुन्हा विणणे, अशी त्याची कामे सांगितली आहेत. दोन हजार वर्षांच्या अंतरावरून पाहिले तरी ही कामे कौटिल्याच्या आयतिप्रदर्शनापासून आणि संबंधोपाख्यानापासून फार दूर नाहीत.

घटनेचा तपशील सर्वज्ञात असला तरी वेळांचे अंतर ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण त्या अंतरातच भाषण घडले. शुक्रवार, ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास, दिल्लीतील बिर्ला भवनाच्या आवारात प्रार्थनेला जात असताना गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. त्याच महिन्यात, १३ ते १८ जानेवारी, त्यांनी दिल्लीत जातीय सलोख्यासाठी उपवास केला होता, आणि २० जानेवारीला त्याच आवारात बॉम्बस्फोट होऊन गेला होता. सहा वाजताच्या आकाशवाणीच्या बातमीत हत्येबरोबरच मारेकरी हिंदू असल्याचेही सांगण्यात आले. फाळणीच्या रक्तपाताने होरपळलेल्या देशात हा एक शब्द सांगण्याला किती महत्त्व होते हे निराळे सांगायला नको, कारण तो शब्द वेळेवर उच्चारला गेला नसता तर त्या रात्री कोणाच्या वस्त्या पेटल्या असत्या याची कल्पना करता येते. म्हणजे नेहरू ध्वनिक्षेपकापुढे आले तेव्हा सामाचे पहिले काम वृत्तनिवेदकाने आधीच केलेले होते. भाषण लिहून आणलेले नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी आकाशवाणीची देशात ६ केंद्रे होती, प्रक्षेपण देशाच्या जेमतेम अडीच टक्के भूभागावर आणि ११ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत असे, आणि मराठी मुलखात तिचे मुंबई हे एकच केंद्र होते. तेव्हा 'सारा देश ऐकत होता' असे जे म्हटले जाते ते भावनेने खरे असले तरी बहुसंख्य लोकांना ते भाषण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून किंवा एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे समजले.

भाषणाचा आरंभ सांत्वनाने होत नाही, तो असमर्थतेच्या कबुलीने होतो. प्रकाश गेला, सर्वत्र अंधार आहे, काय सांगावे आणि कसे सांगावे हे कळत नाही, असे वक्ता म्हणतो. शोकभाषणात अशी कबुली पुष्कळदा केवळ शिष्टाचार म्हणून येते आणि 'शब्द अपुरे पडतात' असे म्हणून वक्ता पुढे अर्धा तास बोलत राहतो. इथे तसे झालेले नाही, कारण लगेच पुढे वक्ता ज्या गोष्टीचा उल्लेख करतो ती असमर्थतेचे कारण सांगणारी आहे: ज्याच्याकडे सल्ल्यासाठी आणि दिलाशासाठी धावत जावे तोच माणूस आता दिसणार नाही. प्रसंगाची खरी अडचण या एका वाक्यात सापडते. सांत्वन करणाराच गेला आहे, आणि त्याच्या जागी बोलायला उभा राहिलेला माणूस स्वतःच सांत्वनाचा गरजू आहे. पंतप्रधान हे पद त्या वाक्यात कुठेच नाही; 'धावत जाणे' ही मुलाने बापाकडे जाण्याची क्रिया आहे, आणि तिच्या शेजारी 'बापू' हे घरगुती संबोधन येते. कौटिल्याच्या भाषेत हे संबंधोपाख्यान आहे आणि आत्मोपनिधानही, कारण हा आघात एकट्या बोलणाऱ्यावर नसून लक्षावधींवर आहे असे सांगताना नेहरू श्रोत्यांच्या वर उभे न राहता त्यांच्यात जाऊन बसतात. रेडिओच्या युगात समाचाराला जाण्याच्या याहून जवळ पोहोचणे कठीण होते.

याच ओघात जी गोष्ट घडते ती भाषेच्या दृष्टीने त्या भाषणातील सर्वांत मोलाची आहे. बापू आता नाहीत, असे म्हटल्यावर वक्ता थबकतो आणि तसे म्हणणे कदाचित चूक असेल असे सांगतो. थोड्या वेळाने पुन्हा, प्रकाश गेला असे आपण म्हटले खरे पण ते चुकलेच, असे म्हणून मूळ वाक्यच परत घेतो. संस्कृत अलंकारशास्त्रात या रचनेला नाव आहे. 'आक्षेप' हा शब्द मराठीत आज हरकत या अर्थाने रूढ असला तरी अलंकार म्हणून आक्षेपाची व्याख्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त अशी केली आहे की स्वतःच उच्चारलेल्या गोष्टीचा, विचार केल्यावर, स्वतःच केलेला निषेध म्हणजे आक्षेप. ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्रानेही आत्मदुरुस्तीचा हा प्रकार ओळखला आहे. परंतु अलंकाराचे नाव सापडल्याने त्याचे कार्य सांगून होत नाही. 'प्रकाश अमर आहे' असे वक्त्याने पहिल्याच वाक्यात म्हटले असते तर ते विधान शोकाकुल माणसाच्या कानाला खोटे वाटले असते, कारण त्याच्यापुढे तर अंधार होता. आधी अंधार पूर्णपणे मान्य करायचा, तो स्वतःच्या तोंडाने बोलायचा, आणि मग त्यातून बाहेर येताना स्वतःचीच चूक झाल्याचे कबूल करायचे, या क्रमामुळे श्रोत्याच्या निराशेला कोणी खोडून काढत नाही. ती जणू वक्त्याचीच होती आणि त्यानेच ती सुधारली, असे घडते. दुसऱ्याच्या दुःखाची दुरुस्ती करणे उद्धटपणाचे असते. स्वतःच्या वाक्याची दुरुस्ती करणे तसे नसते. हजार वर्षांनंतरही तो प्रकाश दिसेल, असे जे आयतिप्रदर्शन पुढे येते ते या दुरुस्तीच्या आधाराने येते म्हणूनच पेलते. एरवी हजार वर्षांची भाषा सभांतून इतकी स्वस्त झालेली असते की तिच्याकडे कोणी लक्षही देऊ नये.

या ठिकाणी मराठी वाचकाला एक गोष्ट खटकण्यासारखी आहे. मराठी घरांत दिवा 'विझला' असे सहसा म्हणत नाहीत. तो मालवतात, शांत करतात, तसेच बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणतात आणि नारळही वाढवतात. अशुभ क्रियेला शुभ क्रियापद लावण्याची ही रीत मृत्यूच्या बाबतीत तर फारच समृद्ध आहे: माणूस वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी किंवा वैकुंठवासी होतो. ही सर्व क्रियापदे मृत्यूवर पांघरूण घालतात, आणि नैसर्गिक मृत्यूच्या वेळी ते पांघरूण आवश्यकही असते. हत्येच्या वेळी मात्र त्यांच्यात एक दोष निर्माण होतो, तो असा की त्यांच्यात मारणाऱ्यासाठी जागाच नसते. नेहरूंची प्रतिमा याच अडचणीच्या काठावर उभी आहे. प्रकाश 'गेला' या क्रियापदालाही कर्ता विचारावा लागत नाही, आणि भाषणाचा पूर्वार्ध संपेपर्यंत हत्या झाली आहे हे शब्दांत आलेलेच नाही.

भाषणात जे अनुपस्थित आहे त्यातही अर्थ आहे. जन्माला आलेला मरणारच, म्हणून अपरिहार्य गोष्टीचा शोक करू नये, हा युक्तिवाद भारतीय सांत्वनाचा मूळ आधार मानला जातो आणि भगवद्गीतेमुळे तो प्रत्येकाला ठाऊक असतो. कालिदासाने रघुवंशाच्या आठव्या सर्गात या युक्तिवादाची मर्यादाही दाखवली आहे: पत्नी इंदुमतीच्या मृत्यूने खचलेल्या अज राजाला वसिष्ठांनी शिष्याकरवी असाच उपदेश पाठवला, राजाने तो आदराने ऐकला, आणि त्याचा शोक मात्र तसाच राहिला. नेहरूंच्या भाषणात नियतीचा किंवा ईश्वरेच्छेचा आधार घेतलेला नाही. त्यांच्यानंतर त्याच रात्री हिंदीतून बोललेल्या सरदार वल्लभभाई पटेलांनी तो घेतला; गांधीजींच्या कार्याची पूर्तता त्यांच्या मृत्यूतून व्हावी अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल, अशा आशयाचे विधान त्यांच्या भाषणात आहे. पटेल त्या दिवशी दुपारी चारपासून तासभर गांधीजींजवळ होते, आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून गांधीजींनी घड्याळ काढून पाहिले, हा तपशील त्यांनी श्रोत्यांना सांगितला. शेवटच्या भेटीची अशी हकीकत सांगणे ही समाचाराच्या बैठकीतील जुनी रीत आहे, आणि ती सांगणारा माणूस बोलता बोलता स्वतःलाच धीर देत असतो. एकाच रात्रीची ही दोन भाषणे शेजारी ठेवली की एक प्रतिमेतून आणि दुसरे हकिकतीतून पुढे सरकते असे दिसते. कीर्ती पहिल्याला मिळाली, पण सांत्वनाच्या घरगुती रीतीला दुसरे अधिक जवळचे आहे.

भाषणाच्या मध्यावर कर्ता येतो, आणि तो नावाशिवाय येतो. एका वेड्याने हा जीव घेतला, असे नेहरू म्हणतात, आणि असे करणाऱ्याला वेडाच म्हणता येईल असा खुलासाही जोडतात. 'वेडा' या शब्दाची निवड सोपी वाटते, परंतु तिच्यात दोन उलट दिशा आहेत. वेडेपणा व्यक्तीचा असतो, तो जातीचा किंवा धर्माचा नसतो. म्हणून तो शब्द वापरताच मारेकरी एकटा पडतो, आणि त्याच्या नावाने, गावाने किंवा समाजाने सूड घेण्याला भाषेत आधार राहत नाही. पण वेडा माणूस जबाबदारही नसतो, आणि त्याला केवळ वेडा ठरवले तर हत्येमागच्या विचाराची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. वक्त्याला ही अडचण कळलेली दिसते, कारण पुढच्याच उपवाक्यात तो 'तरीही' म्हणून वळतो आणि गेल्या काही वर्षांत व महिन्यांत देशात पसरलेल्या विषाकडे बोट दाखवतो. विष हा शब्द पसरवणाऱ्यांना सूचित करतो पण त्यांची नावे सांगत नाही. ते उपटून काढायचे आहे, मात्र रागाच्या भरात नव्हे, असे तो लगेच बजावतो. दंडाची शक्यता इथे दाखवली जाते आणि तिच्यावर त्याच वाक्यात सामाचा हात ठेवला जातो. दंड प्रत्यक्षात आला तो ४ फेब्रुवारीला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघावरील बंदीच्या रूपाने.

तीन दिवसांनी, २ फेब्रुवारीला, संविधान सभेत बोलताना हेच नेहरू जो शब्द उच्चारतात तो रेडिओवर टाळला होता. तिथे त्यांनी लज्जेची भाषा वापरली: सरकारचा प्रमुख म्हणून लाज, भारतीय म्हणून लाज, आणि हिंदू म्हणून लाज, कारण एका हिंदूने हे कृत्य केले. 'हिंदू' या शब्दाची तीन दिवसांत तीन रूपे झाली आहेत. बातमीत तो माहिती म्हणून आला आणि त्याने संभाव्य हिंसा रोखली. रेडिओवर तो वगळला गेला, कारण तिथे तो आरोप ठरला असता. सभेत तो परत आला तो प्रथम पुरुषात, म्हणजे वक्त्याने स्वतःवर घेतला म्हणून. समूहाचे नाव घेणे हे तृतीय पुरुषात अभियोग असते आणि प्रथम पुरुषात कबुली. राजकीय भाषेच्या अभ्यासकाने सर्वनामांकडे इतक्या बारकाईने पाहण्याचे कारण हेच. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर झालेल्या, ५१ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यानंतर संसदेत बोलताना मारेकऱ्याचे नाव आपण कधीही उच्चारणार नाही असे जाहीर केले, आणि बळी गेलेले स्थलांतरित म्हणजे 'आपणच' अशी सर्वनामाची जोडणी केली. तिथेही सांत्वनाचा भार विशेषणांपेक्षा सर्वनामांनी अधिक वाहिला. उलट २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन ७ जण गेले तेव्हा रोनाल्ड रेगन यांच्यापुढे कोणी मारेकरी नव्हता, म्हणून त्यांना क्रोध आवरायचा नव्हता, फक्त शाळेत बसून तो प्रसंग थेट पाहणाऱ्या मुलांची समजूत घालायची होती. असे सांत्वन तुलनेने सोपे असते.

भाषणाचा उत्तरार्ध संकलनकारांना आणि पाठ्यपुस्तकांना फारसा आवडत नाही, त्यामुळे तो अनेकदा गाळला जातो. त्यात काव्य नाही. देह काही दिवस जतन करून ठेवावा अशी काहींची सूचना होती, पण गांधीजींचा स्वतःचा त्याला विरोध होता म्हणून ती मानली नाही; उद्या सकाळी साडेअकराच्या सुमारास बिर्ला भवनातून अंत्ययात्रा निघेल; दुपारी चार वाजता यमुनेच्या काठी दहन होईल; लोकांनी बिर्ला भवनाकडे गर्दी करू नये, मार्गाच्या दोन्ही बाजूंना शांतपणे उभे राहावे; उद्याचा दिवस उपवासाचा आणि प्रार्थनेचा असावा; जे दिल्लीबाहेर आहेत त्यांनी त्याच चार वाजता नदीवर किंवा समुद्रावर जाऊन प्रार्थना करावी. कोणत्याही मराठी घरात मृत्यू झाल्यावर जो अनुभवी माणूस शांतपणे 'किती वाजता निघायचे, कोणाला कळवायचे, सामान कोण आणणार' हे ठरवतो, त्याचीच ही भाषा आहे, आणि रडणाऱ्या घराला सर्वांत मोठा आधार त्याच माणसाचा असतो.

तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करत नसून उच्चारताच एखादी कृती घडवतात, असे प्रतिपादन केले आणि अशा उच्चारांचा स्वतंत्र विचार केला. अशा उच्चाराला मराठीत कृतिवचन म्हणता येईल. उद्या चार वाजता नदीवर जा, हे असे कृतिवचन आहे. हिंदू रूढीत दहनानंतरचे स्नान आणि सुतक हे भाऊबंदांचे, म्हणजे रक्ताच्या नात्याचे असते. चिता पेटवण्याचा अधिकार पुत्राचा, आणि तो नागपूरहून आलेल्या रामदास गांधींनी बजावला. परंतु राष्ट्रपित्याचे सुतक साऱ्या देशाला लागते असे गृहीत धरून, ज्यांना रूढीने नदीवर जाण्याचे कारण नव्हते अशा सर्व धर्मांच्या लोकांना एकाच घटकेला पाण्याकाठी जायला सांगितले गेले. मुंबईच्या चौपाटीवरचा माणूस आणि गोदावरीच्या घाटावरचा माणूस एकमेकांना कधी भेटणार नव्हते, तरी घड्याळाच्या एकाच काट्याने ते एका शोकाचे भागीदार झाले. 'राष्ट्र' म्हणजे एकमेकांना न पाहिलेल्या माणसांनी एकाच वेळी एकच गोष्ट करत असल्याची कल्पना होय, असे बेनेडिक्ट अँडरसन यांनी पुढे मांडले. त्या रात्री ती कल्पना एका वेळापत्रकाने घडवली.

नेहरूंनी आणखी एक गोष्ट म्हटली होती: मोठी आपत्ती आली की आयुष्यातील मोठ्या गोष्टी आठवाव्यात आणि लहान गोष्टी विसराव्यात. प्रमाणाचे हे भान सांत्वनात किती नाजूक असते याचा दाखला महाराष्ट्राने साठ वर्षांनी पाहिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी, मोठ्या शहरांत असे छोटे प्रसंग होत असतात, अशा अर्थाचे जे हिंदी वाक्य उच्चारले ते लोकप्रिय चित्रपटातील संवादाच्या ओळखीच्या साच्यात बसणारे होते. त्यामागचा हेतू धीर देण्याचाच असावा. तरीही काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. उसना साचा वापरला की शोकाचे माप आपोआप लहान होते, आणि शोकात असलेला माणूस मापाच्या बाबतीत फार काटेकोर असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात मात्र ३० जानेवारीच्या भाषणापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. मारेकऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याची जात या तीन गोष्टी भाषणाने टाळल्या होत्या, पण त्या लपून राहणार नव्हत्या, आणि नथुराम गोडसे पुण्याचा चित्पावन ब्राह्मण असल्याचे कळताच मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओची राखरांगोळी झाली. मुंबईत विनायक दामोदर सावरकरांचे बंधू डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत गंभीर जखमी झाले. रागावून कोणीही गैरवर्तन करू नये, त्या आत्म्याला याहून दुःख देणारी दुसरी गोष्ट नसेल, असे ज्या भाषणात इतक्या स्पष्टपणे सांगितले होते त्याचा या मुलखात काही उपयोग झाला नाही असे म्हणावे लागते. यात भाषेचा दोष कितपत? 'हिंदू' हा शब्द वेळेवर उच्चारून ज्या दंगलीची भीती होती ती टाळली गेली, पण महाराष्ट्रात दुभंगाची रेघ वेगळ्या जागी होती आणि ती फार जुनी होती. दिल्लीहून बोललेल्या 'वेडा' या शब्दाला ती पुसता येणे शक्य नव्हते. काही ठिकाणी शोक हा निमित्त होता आणि जुने हिशेब हे कारण, आणि ज्याला शोकच झालेला नाही त्याचे सांत्वन कोणत्याही अलंकाराने होत नाही.

पुढे तर क्रियापदावरून आणि नामावरून मराठीत एक दीर्घ वाद सुरू झाला, जो आजही शमलेला नाही. या घटनेला 'गांधीहत्या' म्हणायचे की 'गांधीवध', हा तो वाद. मराठीत वध कंसाचा होतो, अफझलखानाचा होतो. त्या शब्दात मरणाऱ्याची दुष्टता आणि मारणाऱ्याचे पुण्य दोन्ही गृहीत असतात. 'हत्या' शब्दात पाप मारणाऱ्याकडे राहते. दोन अक्षरांच्या या निवडीतच बोलणाऱ्याची सारी भूमिका समजते, आणि म्हणूनच त्या रात्री नेहरूंनी कर्त्याचे नाव टाळले तरी क्रियेचे नाव टाळता आले नसते हे लक्षात येते. विष पसरले आहे, असे ते म्हणाले तेव्हा त्या विषाचा एक भाग अशा शब्दांतूनच पसरत होता.

भाषणाने देशाला एका दिवसाचा उपवास सांगितला होता. साने गुरुजींनी २१ दिवसांचा केला. त्याच्या आदल्याच वर्षी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते, आणि आता ज्या मराठी समाजातून मारेकरी निघाला त्याच्या वतीने त्यांनी प्रायश्चित्त घेतले. २ फेब्रुवारीला नेहरूंनी सभेत प्रथम पुरुषात घेतलेली लाज इथे एका मराठी माणसाने स्वतःच्या शरीरावर घेतली. त्यांचे 'साधना' साप्ताहिक त्यानंतर काही महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, निघाले.

जळलेल्या घरांचा शोक मात्र वेगळाच होता. त्या घरांतल्या अनेक माणसांनी ३१ जानेवारीला इतरांसारखाच उपवास पाळला असेल, चार वाजता नदीकडे तोंड करून हात जोडले असतील, आणि तरी त्यांना दुहेरी सुतक लागले: गांधीजींचे, आणि आपल्या वास्तूचे. दिल्लीच्या भाषणात त्यांच्यासाठी शब्द नव्हता आणि असणे शक्यही नव्हते, कारण ते झाले त्या रात्री घरे अजून उभी होती. पुढे व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' या छोट्या कादंबरीत पुण्याहून आपापल्या गावांकडे निघालेल्या तरुणांच्या वाटचालीतून ते दिवस टिपले. त्या लेखनाचा आवाज कुठेही चढत नाही. कोण चुकले याचा निवाडा तिथे मागितलेला नाही, फक्त वाट आहे, धूर आहे, आणि गावात पोहोचल्यावर काय उरले आहे ते पाहणे आहे.